पोरीच्या दंडाला युरिया

साल दोन हजार तेवीस. मी तेव्हा बहात्तर वर्षांचा होतो आणि तेलंगणातल्या बोथजवळच्या आमच्या मळ्यात भाजीपाला अजून स्वतःच्या हातानं काढत होतो. शाळा मी दुसरीपर्यंत पाहिली. लिहिण्यात काना-मात्रा चुकला तर वाचणाऱ्यानं सुधारून घ्यावा. गोष्टीत मात्र चूक काढू नये, ती माझ्या डोळ्यांदेखत झाली.

नात आदिलाबादला कॉलेजात शिकायची आणि वसतिगृहात राहायची. आमच्या घरातून दहावीच्या पुढं गेलेली तीच पहिली. संक्रांतीच्या सुटीत घरी आली, पिशवी भिंतीशी टाकली आणि म्हणाली, "आबा, मी आता वापस जात नाही."

"काऊन?"

तिनं नुसती बाही वर केली. दंडावर बारीक बारीक पुरळ, हात फिरवला तर किसणीवरून फिरवल्यासारखा. पुरळ नवीन नव्हतं. लहानपणापासून तिच्या दंडांवर आणि मांड्यांवर ते होतंच, थंडीत वाढायचं, पावसाळ्यात दबायचं. खाजत नव्हतं, दुखत नव्हतं. आता मात्र ते लालेलाल झालं होतं आणि खोलीतल्या पोरींनी त्याला खरूज ठरवलं होतं. एकीनं आपली गादी पार दुसऱ्या भिंतीला नेली. दुसरीनं दोरीवरचे हिचे कपडे काडीनं बाजूला सारले.

"काडीनं, आबा," ती म्हणाली. "मी इथंच मिरच्या तोडीन, पण तिथं नाही जात."

पोरीची आई, माझी सून, आत जाऊन डोळे पुसत बसली. मला रडू येत नाही, राग येतो.

या दुखण्याचं कारण माझ्याकडं पक्कं होतं. भेंडीची कूस. भेंडीच्या झाडावर बारीक लव असते, तिलाच आम्ही कूस म्हणतो, उघड्या हाताला लागली की चुरचुरते. पोर लहान असताना माझ्यामागं भेंडीच्या ओळीत फिरायची, तेव्हा कूस कातडीत शिरून बसली, असं माझं म्हणणं. ती घासूनच निघणार. म्हणून मी घरात हुकूमच सोडला होता: कढत पाणी, वजरी आणि जोरानं हात. टाचा घासायच्या त्या खरबरीत दगडानं पोर वसतिगृहातही दंड घासत होती.

या वेळी सून ऐकेना. "मामाजी, घासून घासून कातडं सोललं पोरीचं. चामडीच्या डॉक्टरले दाखवा."

"कूस काढाले डॉक्टर कायले पायजे?"

"तं मंग तुमीच काढा. इतके वर्षं झाले, काढूनच राह्यले."

असं ऐकल्यावर मी घरी बसणारा माणूस नाही. मीच नेतो म्हटलं, आणि डॉक्टरच्याच तोंडून तुला कूस ऐकवतो.

आदिलाबादच्या दवाखान्यातली डॉक्टरीणबाई तेलुगू होती, सुनेच्या वयाची. माझ्याशी हिंदीत बोलली. तिनं दिवा धरला, भिंगातून पोरीचा दंड पाहू लागली. तिचं काम सोपं करावं म्हणून मीच सांगितलं, "ये भेंडी का कूस है."

"भेंडी को काय को बदनाम करते, तातय्या?" ती हसली. तातय्या म्हणजे तेलुगूत आजोबा. मग तिनं त्या पुरळाचं लांबलचक नाव सांगितलं, केराटोसिस पायलारिस. नातीनं ते लगेच पाठ केलं, माझ्या तोंडात अजून बसत नाही. बाई म्हणाली, केस जिथून निघतो त्या बारीक छिद्राच्या तोंडाशी चामडीचंच कडक साल साचतं आणि बूच बसतं. केस खाली अडकतो, कधी वळून आतच राहतो.

नातीचं ध्यान वेगळीकडंच होतं. "मॅडम, दूसरों को लगता क्या?"

"बिलकुल नहीं. एक बिस्तर में सोए तो भी नहीं, एक टॉवेल लिया तो भी नहीं. ये तो घर से आता. घर में किसको है?"

नातीनं माझ्याकडं पाहिलं. "आबा, बाही वर करा न."

केली. माझी कातडी जन्मापासून तशीच. मळ्यात राबणाऱ्याची अशीच असते, असं मी समजत होतो. बाईनं भिंग माझ्या दंडावर धरलं आणि म्हणाली, "लो, भेंडी तो यहाँ निकली!"

नात तोंडावर हात धरून हसली. घरी आल्यापासून पहिल्यांदा. त्या हसण्यापायी मी वाद घातला नाही.

पण मग बाईनं औषध सांगितलं. "युरियावाला क्रीम लगाना."

मी उठलोच. "चाल पोरी. युरिया? हमारे घर में बोरी पड़ी है! जास्ती हुआ तो पत्ता जल जाता, और तुम बच्ची के हाथ को लगाते?"

बाहेरचे लोक दारातून डोकावले. "आबा, खाली बसा न, लोकं पाहून राह्यले," नात कुजबुजली.

"पाहू दे."

बाई चिडली नाही. "तातय्या, बोरी को तो हात भी मत लगाना, वो खेत का है. ये दवा का है, नाप के मिलाया हुआ. चमड़ी में पानी पकड़ के रखता, ऊपर का छिलका नरम करता. पत्थर से घिसोगे तो और लाल होगा, और बढ़ेगा."

ते ऐकून मी थबकलो. पेरल्यावर जोराचा पाऊस पडून ऊन तापलं की जमिनीवर पापडी धरते, आणि कोंब खालीच वाकडा होऊन बसतो. तिथं कोणी कुदळ घालत नाही, कोंबच तुटेल. हलकं पाणी शिंपडायचं, पापडी आपोआप फुटते. हे मला कळतं, आणि पोरीच्या दंडावर मी कुदळ चालवत होतो. पण मान लगेच कशी डोलवायची?

"पहले मेरे को लगाओ," मी म्हटलं.

तिनं टेबलावरची ट्यूब उघडून माझ्या दंडाला क्रीम लावलं. जळतं का म्हणून मी वाट पाहत राहिलो. थंड लागलं, बस. मग बसलो.

बाईनं पथ्य सांगितलं: अंघोळ कोमट पाण्यानं, थोडकी. दगड बंद. टॉवेलनं नुसतं टिपायचं आणि अंग ओलसर असतानाच क्रीम लावायचं, रोज. फरक दिसायला काही आठवडे लागतील. लावणं सोडलं की परत येईल.

"पूरा जाएगा ना?" नातीनं विचारलं.

"पूरा शायद नहीं. बहुत कम होगा. उम्र के साथ भी कम होता, तातय्या जैसे जिद्दी लोगों का रह जाता."

घरी पोहोचलो तर सून दारातच उभी. "निघाली का कूस?"

"हव. माझ्याच दंडात सापडली."

ती आधी घाबरली, मग नातीनं सगळं सांगितल्यावर इतकी हसली की पदर तोंडात घालावा लागला. मी हसू दिलं. कोणाला बोललो नव्हतो, पण महारोगाची धास्ती माझ्याही मनात होती; ते ओझं त्या दवाखान्यातच उतरलं होतं. महारोग नाही, खरूज नाही, आपल्याच घराण्याची कातडी. जेवताना नात म्हणाली, "मी जाईन आबा. पण त्या पोरी मानतील का? म्हणतील, लपवून राह्यली."

"मानतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्यासोबत बसनं आदिलाबादला गेलो. वसतिगृहाच्या फाटकाशी तिच्या खोलीतल्या दोघींना बोलावून घेतलं, माझी बाही खांद्यापर्यंत गुंडाळली आणि म्हटलं, "हात लावून पाहा, माय. हे लागत नाही कोणाले. जन्मापासून आहे, माह्या बायकोलेबी नाही लागलं." गादी हलवणाऱ्या पोरीनं आधी बोट टेकवलं, मग अख्खा तळवा ठेवला. तिला नीट पाहता यावं म्हणून मी दंड उन्हाकडं वळवला.