आवाज माझाच

साप चावला तर पायाला दोरी आवळू नका, एवढं एक वाक्य वाड्यावाड्यांवर रुजवता रुजवता माझी उमेदीची वर्षं गेली. कशेळ्याच्या बाजारात जीपपाशी उभी राहून ओरडले, बांधाबांधावर बसून समजावलं, दोरी बांधून विष उतरवणाऱ्या भगताशी तर कडाकडा भांडले. शेवटी तोच म्हणाला, "बरं बाय, नाय बांधत. दवाखान्यात धाडतो." त्या दिवशी भिसेगावला घरी येऊन मी आनंदाने रडले होते.

आमची संस्था छोटी. आरोग्याच्या सूचना रेकॉर्ड करून वाडीवरच्या मोबाइलवर पाठवायच्या, हे माझं काम. पूर्वी मजकूरही मीच लिहायचे. यंदा साहेब म्हणाले, "एआयकडून लिहून घ्या, वेळ वाचेल. तुम्ही फक्त एकदा नजर टाका." टाकली की नजर! भाषा अशी गुळगुळीत, की जीभ कुठे अडेचना. मी उच्चार बघितले, कुठे थांबायचं ते बघितलं. अर्थ बघायचा राहिला. "दंशाच्या वरच्या बाजूस पट्टी घट्ट बांधावी," हे मी अगदी जीव ओतून वाचलं. मेले मी!

दोन-तीन दिवसांनी नेरळला चहा पिताना शेजारच्या बाकावर कुणाच्या तरी मोबाइलवर माझाच आवाज लागला, तेव्हा कळलं. आमच्या ग्रुपवरून पुसलं, पण लोकांनी पुढे पाठवलेलं कसं पुसणार? दुरुस्तीचं रेकॉर्डिंग धाडलं, तर फोन येऊ लागले, "ताई, आदी बांदा म्हनता, मंग नको म्हनता. खरं काय हाय?" साहेबांना सांगितलं, तर म्हणतात कसे, "अहो, चूक मशीनची. तुम्ही कशाला मनाला लावून घेता?" डोकंच फिरलं माझं. वाडीवर मशीनला कोण ओळखतं हो? मला ओळखतात.

मग जीप जाईल तिथवर जीपने आणि पुढे पायी, वाडी वाडी फिरत सुटले. भगत म्हणाला, "तुज्या सांगन्यावरून सोडली व्हती मी दोरी. आता बांदा म्हनलीस, तर मीच सांगितलं समद्यांना, बाय म्हनतेय तर बांदा." पुन्हा पहिल्यापासून समजावलं त्याला, कप्पाळ माझं!

परतताना रस्त्यावरच्या दवाखान्यात शिरले, डॉक्टरांना सगळं सांगून ठेवावं म्हणून. तेवढ्यात एक माणूस बायकोला पाठीवर घेऊन धापा टाकत आला. तिला साप चावला होता. पाऊल सुजून काळंनिळं, गुडघ्याखाली नायलॉनची दोरी मांसात रुतलेली. मी हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला, कारण डॉक्टर समोर नसताना ती एकदम सोडली, तर अडलेलं विष झपकन अंगभर पसरायचा धोका. "डॉक्टर! अहो डॉक्टर!" मी किंचाळले.

त्याने मला आवाजावरून ओळखलं. चेहरा एकदम निवळला त्याचा. बायकोच्या कानाशी वाकून म्हणाला, "भिऊ नको गं. ताई हाय हितं. तिनं सांगितलं तशीच बांदलीय मी, घट्ट."