उतरासाहेब

मोटार कंपनीचा मॅनेजर म्हणजे गिऱ्हाइकाला 'या, बसा' म्हणणारा माणूस. आमच्या मॅनेजरसाहेबांच्या तोंडात शब्द एकच, 'उतरा'. गाडीत माणूस जास्त दिसला की उतरा. टपावर कोणी चढला की उतरा. पायरीवर लोंबकळणाऱ्याकडे तर ते नुसतं बघायचे, तो आपला आपण उतरायचा. स्टँडवरच्या टांगेवाल्यांनी त्यांचं नाव उतरासाहेब पाडलं. टांगेवाल्यांचं काय, बरंच चाललं होतं. साहेब ज्यांना उतरवायचे ते टांग्यात बसायचे. दसऱ्याला साहेबांना सोनं द्यायला पहिला कोण येत असेल तर टांगेवाला.

मी त्या कंपनीत पट्टेवाला होतो. शाळा चौथीत सुटली, त्यामुळे लिहिणं जसं जमेल तसं. माझी बायको पारू गेली त्याला अजून वर्ष व्हायचंय. घरात बोलायला कोणी नाही म्हणून कागदाशी बोलतोय, खोटं कशाला सांगू. तिची आठवण काढायला बसलं की साहेब आपोआप येतात. ते का, ते शेवटी कळेल.

एकोणीसशे तीसनंतरची ती वर्षं. रविवार कारंज्याजवळ कंपनीचा स्टँड, तिथून त्र्यंबकला गाड्या सुटायच्या. ड्रायव्हर पुढून हँडल मारायचा, गाडी खोकायची, थरथरायची, मग चालू व्हायची. पायरी ही उंच. नऊवारीतल्या म्हाताऱ्या बायांना चढता यायचं नाही. साहेबांजवळ काळी छत्री असायची, ऊन असो पाऊस असो. टोकाकडून स्वतः धरायचे आणि वाकडी मूठ बाईपुढे करायचे. बाई मूठ धरून चढायची, मूठ धरून उतरायची. मी एकदा म्हटलं, "साहेब, सरळ हात द्या की. आईच्या वयाच्या असतात." तर म्हणाले, "नामदेवा, बाईमाणसाला आधार द्यायचा, हात नाही. हात दिला की दहा तोंडं बोलतात. छत्रीला कोण बोलणार?"

त्या वेळी मी हसलो होतो.

गाडी भरली की त्यांचा नियम ठरलेला. शेवटी चढला तो आधी उतरेल. भटजी असो, फौजदाराचा मेहुणा असो. लोक शिव्या द्यायचे. साहेब धोतराचा सोगा सावरत ऐकून घ्यायचे. एकदा दुसऱ्या कोणाची गाडी अंजनेरीच्या पुढे कलंडली होती, तेव्हा माणसं बाहेर काढायला साहेब आणि आमचा इस्माईल ड्रायव्हर गेले होते. तिथे काय बघितलं ते साहेबांनी कधी सांगितलं नाही. एवढंच म्हणायचे, "उतरवलेला माणूस शिव्या देतो. देऊ दे. शिव्या द्यायला तो जागेवर असतो ना!"

आता मूळ गोष्ट. श्रावणातला तिसरा सोमवार. ब्रह्मगिरीच्या फेरीला जाणारी सगळी दुनिया स्टँडवर. त्यात कंपनीचे शेठ आपल्या विहीणबाईंना घेऊन आले. शेठच्या मुलीची सासू ती. त्यांनी विहीणबाईंना सांगून ठेवलेलं, आपली घरची मोटार, तुम्ही फक्त पाय ठेवा. आले उशिरा. गाडी भरलेली होती तरी शेठने सगळा लवाजमा आत चढवला. इस्माईलभाई आपल्या जागेवरूनच माझ्या कानाशी वाकून म्हणाला, "नामदेवभाई, आता बघ. साहेब देवाला पण उतरवतील."

साहेब आले. गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "शेवटी चढलेले उतरा."

शेठ म्हणाले, "अहो, ही माझी विहीण आहे."

"मग तर उतरायलाच हवं. मागची गाडी रिकामी आहे, शेठ. पुढची जागा देतो."

"लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील, विहीणबाई सुखरूप पोचल्या."

गाडीतलं कोणीतरी फिसकन हसलं. तेवढं हसणं शेठला लागलं. विहीणबाई मात्र उठल्या. साहेबांनी छत्री पुढे केली, बाईंनी मूठ धरली, उतरल्या, मागच्या गाडीत बसल्या. मी तिथेच उभा होतो. दुसरं काही झालं नाही.

संध्याकाळी साहेबांना कामावरून काढलं. इतक्या वर्षांची नोकरी, गेटवर उभं करून काढलं. आणि कारण काय दिलं? म्हणे विहीणबाईंचा हात धरून खाली ओढलं. विहिणीला गाडीतून उतरवलं म्हणून काढलं असं सांगता येत नव्हतं, गाव हसलं असतं. व्याह्यांसमोर नाक राहावं म्हणून शेठने साहेबांचं कापलं.

नोकरी गेल्याचं साहेबांनी सोसलं असतं. हाताचं नाही सोसलं. त्यांची बायको आधीच वारलेली, एकुलती एक लेक नांदगावला दिलेली. बातमी मोटारीपेक्षा वेगाने तिथे पोचली. दिवाळीला लेकीला आणायला साहेब गेले, तर तिच्या सासूने दारातच सांगितलं, "सून पाठवायची नाही. परक्या बायांना हात लावणाऱ्या माणसाच्या घरी कशाला पाठवू?" बापाला पाणीही न देता परत पाठवलं. लेक आतल्या दारात रडत उभी होती, असं साहेबांनी पारूला सांगितलं. मला नाही सांगितलं. बायांना सांगायच्या गोष्टी ते पारूलाच सांगायचे.

साहेबांनी दावा लावला. वकील म्हणाला, कोर्ट मालकाला असं सांगू शकत नाही की हा माणूस परत ठेव. फार तर नोटीस न देता काढलं ते चूक, एवढं म्हणेल आणि त्या मुदतीचा पगार देववेल. साहेब म्हणाले, "चूक म्हणू दे. पगार त्यांच्याकडेच राहू दे." वकिलाने आणखी एक सांगितलं, तुम्ही कामाला तयार आहात असं कंपनीला कळवून ठेवा. म्हणजे एक पत्र टाका. पण साहेबांना पत्रावर भरवसा कुठला! दुसऱ्या दिवशी कोट, टोपी, छत्री घेऊन कामाच्या वेळेला स्वतः हजर. गेटमधून आत घेतलं नाही, तर समोरच्या भांड्याच्या दुकानाच्या ओट्यावर जाऊन बसले. दुपारी जेवायला घरी, पुन्हा हजर. स्टँड बंद होईस्तोवर.

हे रोज चाललं. रोज.

वकिलाला कळलं तेव्हा त्याने डोक्याला हात लावला. "अहो, पत्र म्हटलं होतं मी!" साहेब म्हणाले, "पत्र हरवतं. मी हरवतो का?"

ओट्यावरून त्यांना सगळं दिसायचं. नव्या मॅनेजरने गाडी खच्चून भरली की साहेब अर्धे उठायचे आणि पुन्हा बसायचे. ते अर्धं उठणं बघवायचं नाही. मी रस्ता ओलांडून त्यांना पाणी नेऊन द्यायचो. पारू भाकरी द्यायची, त्यावर चटणी. नवा मॅनेजर मला म्हणाला, "तू कोणाचा नोकर?" मी म्हटलं, "कंपनीचा. पण पाणी नळाचं हाय."

पारू शेठच्या घरी धुणंभांडी करायची. विहीणबाई तिथे आल्या की हिच्याशी बोलायच्या. एक दिवस पारू घरी आली ती तणतणतच. "अहो, त्या बाईला कोणी हातच लावला नाय म्हणते ती. छत्री धरली म्हणते."

"मग कोर्टात सांग म्हणावं."

"म्हणलं मी. तर म्हणाली, आमच्या घरची बाई कोर्टाची पायरी चढत नाही. आमच्या यांना विचारलं, तर हे माझ्यावरच ओरडले. शेठ माझ्या सुनेचा बाप, मी बोलले तर तिला दोन्ही घरी तोंड नाही." मग पारू चुलीपुढे बसून म्हणाली, "एका लेकीचं तोंड राखायला दुसरीचं माहेर गेलं. शेठची लेक ती लेक, आन् साहेबाची काय रस्त्यावरची?"

 

साक्षीला इस्माईलभाई गेला आणि मी गेलो. कंपनीचा वकील इस्माईलभाईला म्हणाला, तू तर पुढे गाडीत बसलेला, तुला मागचं काय दिसणार? इस्माईलभाई म्हणाला, "हुजूर, मी आरशात बघूनच गाडी चालवतो. दिसत नसतं तर आतापर्यंत वर गेलो असतो." कोर्ट हसलं. मी एवढंच बोललो, हात नव्हता, छत्री होती. परत आलो तेव्हा शेठ दारातच होते. आम्हाला वाटलं, गेली आपलीही नोकरी. शेठ म्हणाले, "तुम्हाला काढलं तर तुम्हीही समोर येऊन बसाल. तो ओटा लहान आहे. जा, कामाला लागा." माणूस अगदीच वाईट नव्हता. एकदा खोटं बोलून बसला होता आणि त्यावरून उतरायचं कसं ते त्याला कळत नव्हतं.

निकाल लागला तेव्हा पुढचा श्रावण तोंडावर आला होता. साहेबांना नोटीस न देता काढलं ते चूक, असं कोर्ट म्हणालं. पण हाताच्या गोष्टीत कोर्ट पडलंच नाही. जिचा हात, तिची साक्ष नाही, म्हणून ते तसंच राहिलं. वकिलाने पेढे आणले. साहेबांनी एक उचलला आणि हातातच धरून बसले. म्हणाले, "नामदेवा, हे नांदगावला काय सांगू? पगार जिंकलो म्हणून?"

आता ओट्यावर बसायचं कारण उरलं नव्हतं. तरी दुसऱ्या दिवशी हजर. मी म्हटलं, "साहेब, पुरे आता. दमलात." म्हणाले, "दमलोय रे. पण आत्ता घरी बसलो तर लोक म्हणतील, लाजेने बसला."

पुन्हा तिसरा सोमवार आला. पुन्हा तीच गर्दी, भुरभुर पाऊस, आणि शेठबरोबर पुन्हा त्याच विहीणबाई. या वेळी त्यांच्यासाठी पुढची जागा धरून ठेवलेली. नवा मॅनेजर पायरीशी कमरेत वाकून उभा. शेठचा माणूस हात पुढे करतोय, या बाई, या. बाईंनी पायरीकडे बघितलं. मग मान वळवून रस्त्यापलीकडे बघितलं. आणि सगळ्या स्टँडला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "अहो मॅनेजर, बसलात काय? छत्री आणा. गेल्या वेळी तिलाच धरून उतरले होते, तिलाच धरून चढेन."

स्टँड गप्प झाला. टांगेवाले गप्प झाले म्हणजे बघा.

साहेब उठले. या वेळी पुरे उठले. रस्ता ओलांडून आले, छत्री टोकाकडून धरली, मूठ पुढे केली. छत्री जराही हलली नाही. बाई मूठ धरून चढल्या, त्यांच्यामागून शेठ चढले. बसल्यावर खिडकीतून म्हणाल्या, "गाडी बघून घ्या तुमची. जास्त तर नाही ना कोणी?"

साहेबांनी गाडीभोवती चक्कर मारली. म्हणाले, "एक जण जास्त आहे, बाई."

शेवटी चढलेले शेठ होते.

 शेठने साहेबांकडे बघितलं, विहीणबाईंकडे बघितलं, आणि उतरले. इस्माईलभाईने असं हँडल मारलं की गाडी पहिल्या झटक्याला चालू झाली.

वाचणाऱ्याला वाटेल, मग साहेबांना परत घेतलं असेल. नाही घेतलं. मालक तेवढा उतरत नसतो. साहेबांनीही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी ओटा रिकामा होता. पण ही गोष्टही मोटारीपेक्षा वेगानेच पोचली, आणि त्या दिवाळीला लेक माहेरी आली. साहेबांनी आम्हा दोघांना फराळाला बोलावलं. लेक वाढत होती आणि साहेब तिला सारखं म्हणत होते, "बस गं, बस जरा." त्यांच्या तोंडून 'बस' मी तेव्हाच ऐकलं.

पुढे ते लासलगावला एका अडत्याकडे कामाला लागले. जाताना छत्री पारूला दिली. म्हणाले, "तुमच्या भाकरीचं काही देऊ शकत नाही. ही ठेवा." तिकडेच वारले. आम्हाला उशिरा कळलं.

छत्रीचं कापड केव्हाच गेलं. काड्या आणि मूठ राहिली. पारूच्या शेवटच्या आजारात तिला खाटेवरून उतरता यायचं नाही. मी हात पुढे केला की खेकसायची, "हात नको, तुमचाच थरथरतोय. साहेबांची छत्री द्या." मी टोक धरायचो, ती मूठ धरायची.

तिला नेलं त्या दिवशी घाटावर जायला ट्रक केला होता. नातेवाईक, शेजारी, सगळे चढले. ट्रक एका अंगाला कलायला लागला. माझ्या तोंडून निघून गेलं, "शेवटी चढलेले आधी उतरा." माणसं मुकाट्याने उतरली, पायी निघाली. मी तिच्या उशाशी बसलो आणि मग माझ्या ध्यानात आलं, मी काय बोललो ते. या जगात मी आधी चढलेलो. ती माझ्या मागून, कितीतरी वर्षांनी. ती आधी उतरली.

साहेब, तुमचं सगळं पटलं मला. कोर्टात तुमच्या बाजूने उभा राहिलो, आजही राहीन. पण हा नियम मोटारीपुरता ठेवायचा होता.