जिज्ञासेचा तास

सूचनाकारांनी आपल्या दोन मुलींना शाळेतून काढले, त्यामागचे कारण तत्त्वाचे होते. शाळेने वर्गात टॅबलेट आणले होते आणि वाचनाच्या तासाला मुले बोटाने पाने सरकवू लागली होती. पालकसभेत सूचनाकार उभे राहिले आणि बालमनावर पडद्याचा कसा घातक परिणाम होतो याची आकडेवारी त्यांनी हातातल्या मोबाइलवरून वाचून दाखवली. कोणी हसले नाही. बहुतेकांची मान आपापल्या मोबाइलात होती.

घरगुती उपकरणांबरोबर येणाऱ्या माहितीपुस्तिका लिहिणे हा त्यांचा व्यवसाय. मिक्सर चालू असताना आत बोट घालू नये, कपडे धुण्याच्या यंत्रात मांजर ठेवू नये, अशी वाक्ये ते घरी बसून वर्षानुवर्षे रचत आले होते. इमारतीतल्या लोकांनी त्यांना थट्टेने ‘सूचनाकार’ म्हणायला सुरुवात केली आणि त्यांनी ते संबोधन पदवीसारखे स्वीकारले. यंत्र काय करू शकते हे शेवटी सांगायचे आणि त्याने काय अनर्थ ओढवू शकतो हे आधी, असा या लेखनाचा दंडक आहे. मुलींच्या शिक्षणाची आखणी त्यांनी याच क्रमाने केली.

राउटर अभ्यासिकेतल्या लोखंडी कपाटात गेला आणि त्यातून एकच तार त्यांच्या मेजापर्यंत आली. कपाटाला कुलूप लागले आणि किल्ली सूचनाकारांच्या गळ्यात आली. त्यांची पत्नी रुग्णालयात क्ष-किरण विभागात काम करी. कामाची पाळी संपवून ती घरी आली, नवऱ्याच्या गळ्याकडे तिने क्षणभर पाहिले आणि म्हणाली, “शोभतेय. आता नुसता गणवेश शिवायचा राहिलाय.”

इंटरनेट हवे असेल त्या मुलीने अभ्यासिकेच्या दारात उभे राहून तीन गोष्टी सांगायच्या होत्या. काय शोधायचे आहे, कशासाठी शोधायचे आहे, आणि उत्तर काय येईल असे वाटते. तिसऱ्या अटीचा त्यांना विशेष अभिमान होता. हेतूवाचून हिंडणारे मूल वाहवत जाते, आणि ज्याला उत्तराचा अंदाज आहे ते वाहवत जात नाही, अशी त्यांची मांडणी होती.

“बाबा, नेट हवंय,” अकरा वर्षांची थोरली पहिल्या आठवड्यात म्हणाली. “वटवाघळं उलटी का लटकतात ते बघायचंय.”

“उत्तर काय येईल?”

“ते माहीत नाही म्हणून तर बघायचंय ना.”

“मग आधी विचार करून ये.”

थोरली हुशार होती. विचार करून आली ती वेगळाच प्रश्न घेऊन. ज्वालामुखी म्हणजे काय ते बघायचे आहे, आणि उत्तर येईल, पृथ्वीच्या पोटातला तप्त रस बाहेर पडण्याची जागा. कपाट उघडले, पडदा उजळला, उत्तर तेच निघाले. सूचनाकारांनी पाठ थोपटली. त्या दिवसापासून ती जे ठाऊक आहे तेवढेच विचारू लागली आणि तिचा अंदाज एकदाही चुकला नाही. सूचनाकार याला प्रगती म्हणत.

धाकटीची गोष्ट निराळी. तिच्यासाठी सगळी चित्रे बंद केलेली होती, कारण चित्रांनी लक्ष विचलित होते. देवमाशाचे वजन, आयुष्य आणि आहार तिला तोंडपाठ होता. दाताच्या डॉक्टरांकडे भिंतीवर देवमाशाचे चित्र दिसले तेव्हा ती आईचा हात ओढत म्हणाली, “आई, हा कोण गं? आणि ह्याचे पाय कोणी काढले?”

सूचनाकार हे काही निर्दय पिता नव्हेत. ज्या माणसाला स्वतःच्या दिवसावर ताबा मिळवता येत नाही, तो बहुधा दुसऱ्याच्या दिवसावर मिळवू पाहतो. आपल्याहून लहान आणि आपल्यावर अवलंबून असलेली माणसे त्यासाठी घरातच उपलब्ध असतात. त्यांच्या मेजावर तीन पडदे होते. एकावर काम चाले, दुसऱ्यावर मुलींच्या इंटरनेटवापराचा आलेख आणि तिसऱ्यावर घरीच शिकवणाऱ्या पालकांचा गट. मुलींचा पडदा दिवसातून जेमतेम काही मिनिटे उजळे. तो अधिक उजळू नये म्हणून यांचे तीन सकाळपासून पेटलेले असत.

“धाकटी कधीची बूट घेऊन उभी आहे,” पत्नी एकदा म्हणाली. “नाड्या बांधून दे ना तिला.”

“एक मिनिट. पडद्यामुळे कुटुंबातला संवाद कसा तुटतो यावर लिहितोय.”

“लिही, लिही. आम्ही तोवर आपापसात बोलतो.”

असे एक वर्ष सरत आले. एका दुपारी आईबरोबर कपड्यांच्या घड्या घालताना थोरली मान वर न करता म्हणाली, “आई, मला शाळेत जायचंय.”

“का गं? टॅबलेटसाठी?”

“नाही. तिथे सगळेच चुकतात. इथे चुकायला मी एकटीच असते.”

आईने हातातली घडी मोडली आणि पुन्हा घातली. मग ती अभ्यासिकेत गेली. सूचनाकारांनी शांतपणे ऐकून घेतले. घरच्या शिक्षणाची परवानगी दरवर्षी नवी करावी लागे आणि त्यासाठी शिक्षणखात्याच्या मूल्यांकन अधिकारी पुढच्याच आठवड्यात येणार होत्या. “त्यांनी नावं ठेवली,” ते म्हणाले, “तर मी स्वतः तिला शाळेत घालीन.”

“शब्द फिरवायचा नाही हं.”

“मी कधी फिरवलाय?”

 पत्नीने हे थोरलीला सांगितले, आणि तेव्हापासून थोरली अधिकारीबाईंची वाट पाहू लागली.

बाई आल्या. पाऊण तास त्यांनी थोरलीला भूगोल, गणित, व्याकरण विचारले. मुद्दाम चुकावे असे तिच्या मनात येऊन गेले असणार. पण खरी उत्तरे देण्याची सवय इतकी मुरली होती की तोंडून खरेच बाहेर पडले. सूचनाकार खुर्चीत हळूहळू रुंद होत गेले. शेवटी बाईंनी स्वतःचा टॅबलेट तिच्यापुढे सरकवला.

“आता दहा मिनिटं तुझी. तुला वाटेल ते बघ.”

थोरलीने हात मांडीवरच ठेवले. “उत्तर काय यायला हवंय?”

“कशाचं उत्तर, बाळा?”

“मी जे बघेन त्याचं.”

“ते बघितल्यावर कळेल ना.”

“तसं चालत नाही,” थोरलीने त्यांना समजावले. “आधी सांगावं लागतं. मगच बाबा कपाट उघडतो.”

सूचनाकारांना भरून आले. “बघितलंत, मॅडम? दुसऱ्या मुलांनी झडप घातली असती. ही बोटसुद्धा लावत नाही.”

“तेच लिहितेय,” बाई म्हणाल्या.

आठवड्याने शेरा आला. माहिती उत्तम; जिज्ञासा आढळली नाही; तीन महिन्यांनी पुन्हा मूल्यांकन. पत्नीने तो दोनदा वाचला आणि नवऱ्यापुढे धरला.

“ठेवली नावं. आता घाल शाळेत.”

“याला नावं ठेवणं म्हणत नाहीत. ही त्रुटी आहे. त्रुटी दुरुस्त करायची असते. म्हणून कोणी वस्तू दुकानात परत नेत नाही.”

“वस्तू नाही ती. मुलगी आहे.”

“तत्त्व तेच,” सूचनाकार म्हणाले आणि दुरुस्तीला बसले.

दुसऱ्या दिवशी अभ्यासिकेच्या दारावर नवा कागद लागला. रोज अकरा ते बारा जिज्ञासेचा तास. या तासात कोणताही प्रश्न विचारता येईल. उत्तर आधी सांगण्याची आवश्यकता नाही. प्रश्न नाकारला जाणार नाही. शोध पालक स्वतः घेतील आणि उत्तर मोठ्याने वाचून दाखवतील. कुतूहलासारखी बेशिस्त गोष्ट चार ओळींत बसवल्याचे समाधान त्यांच्या चेहऱ्यावर होते. पत्नीची त्या दिवशी सुटी होती. तिने कागद नीट वाचला आणि ‘प्रश्न नाकारला जाणार नाही’ हे वाक्य त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घेतले.

अकराला मुली दोन खुर्च्यांवर बसल्या. “हं,” सूचनाकार म्हणाले, “करा सुरुवात. मोकळेपणाने.”

मुली एकमेकींकडे पाहू लागल्या. मोकळेपणाला सराव लागतो. मग धाकटीने देवमाशाचे पाय कुठे गेले ते विचारले. सूचनाकारांनी शोधले, वाचून दाखवले, आणि चित्रही उघडले. तिने चित्राकडे इतका वेळ पाहिले की त्यांनी घड्याळाकडे पाहिले.

“आता तू,” ते थोरलीला म्हणाले.

“वर्षाच्या मध्येच शाळेत घेतात का?”

“हा प्रश्न अभ्यासाचा नाही.”

“कोणताही,” पत्नी दारातून म्हणाली. “तुझाच शब्द आहे.”

“पण जिज्ञासा म्हणजे…”

“बाबा, मला खरंच माहीत नाही,” थोरली म्हणाली. “मी अंदाजसुद्धा केलेला नाही.”

लिखित नियम मोडणे सूचनाकारांना आयुष्यात कधी जमले नव्हते, आणि हा तर त्यांनीच लिहिलेला. त्यांनी शोधले. घेतात, जागा असेल तर. जागा आहे का, तिने विचारले. त्यांनी जवळच्या शाळेचे पान उघडले. आहे. मग काय काय लागते? जन्माचा दाखला, दोन छायाचित्रे, पालकांची संमती. “संमती म्हणजे,” त्यांनी सवयीने सुरुवात केली.

“ते माहीत आहे,” थोरली म्हणाली. “देशील का, ते विचारतेय.”

हा प्रश्न तीनपैकी कुठल्याच पडद्यावर शोधता येण्याजोगा नव्हता. सूचनाकारांनी तरीही एकेका पडद्याकडे पाहिले. पालकांच्या गटात कोणीतरी त्यांच्या लेखाला पसंतीचा अंगठा दिला होता. मुलींच्या वापराचा आलेख सपाट होता. मग त्यांनी थोरलीकडे पाहिले. ती खुर्चीच्या अगदी कडेला बसली होती आणि उत्तर काय येईल हे तिला खरोखरच ठाऊक नव्हते. वर्षभरात तिचा असा चेहरा त्यांनी पाहिला नव्हता.

त्यांनी अर्ज छापून घेतला. पत्नीने पेन पुढे केले. सही करण्यापूर्वी त्यांनी अर्जाच्या पाठीवरच्या सूचना पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचल्या. चौथी सूचना संदिग्ध असून ती पहिली यायला हवी होती, हे दोघी मुलींना सविस्तर समजावून सांगितले.

“हो बाबा,” थोरली म्हणाली. “सही दुसऱ्या बाजूला आहे.”