ग्लिसरीनवरचा ठिपका

प्रयोगशाळेत तिला सगळे मिरची म्हणत, आणि त्या सोमवारी तिने ते नाव सार्थ केलं.

"माझी प्लेट कुठंय?"

"कुठली?" सरांनी मानही वर केली नाही.

"ग्लिसरीनची. यीस्टचा एकच ठिपका उगवला होता ती."

"ती होय! घाण बसली होती गं त्यावर. शनिवारच्या सफाईत टाकली."

ती भांडी धुण्याच्या खोलीकडे धावली. कचऱ्याची पिशवी, जंतू मरावेत म्हणून वाफवून, कधीच बाहेर काढली होती. आत सगळा चिखल.

तिचं काम यीस्टवर, पाव फुगवतं ते. पेशीची बहुतेक जनुकं मधल्या केंद्रकात असतात, थोडीशी मायटोकॉन्ड्रियात. ही पेशीची चूलच म्हणा. चुलीचे काही भाग इकडची जनुकं घडवतात, काही तिकडची, आणि ते एकमेकांत नीट बसावे लागतात. तिने एका जातीच्या यीस्टमध्ये चुलत जातीची चूल बसवली होती. साखरेवर पेशी खुशाल वाढत, कारण साखर चुलीवाचूनही पचते. ग्लिसरीन पचवायला मात्र चूल पेटावीच लागते. तिथे सगळ्या अडून बसल्या. दोन्ही जाती आपापल्या घरी धडधाकट, पण एकत्र आणल्या की जुळता जुळेना. अखेर ग्लिसरीनच्या एका प्लेटवर, पेशी वाढवायच्या चपट्या बशीवर, एकच ठिपका उगवला, एका पेशीपासून वाढलेला. कुणीतरी जुळवून घेतलं होतं! कसं, तेच तिला शोधायचं होतं.

तो जिवंत टिकावा म्हणून तिने लगेच गोठवून ठेवला असता. पण सरांच्या सहीशिवाय फ्रीजरमध्ये काही जायचं नाही, असा इथला दंडक. ती विचारायला गेली, तेव्हा सर म्हणाले होते, "राहू दे, बघू."

आता ती परत त्यांच्या टेबलापुढे उभी राहिली. "बघू म्हणालात, आणि न बघताच फेकलीत!"

"एवढं काय त्यात? येईल पुन्हा."

घरी तिने कुकर असा आदळला की नवरा दारातूनच म्हणाला, "जेवण आहे ना, की तेही सफाईत गेलं?" तिला हसू आलं नाही. देवापुढे हात जोडले, तरी दात आवळलेलेच. सरांचा राग होताच. त्याहून जास्त स्वतःचा, सहीची वाट बघत बसल्याचा.

दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा पेशी पसरायला घेतल्या. प्लेटमागून प्लेट कोरी, आणि दर कोऱ्या प्लेटला राग नव्याने वर.

मग एका सकाळी, कडेला, टाचणीच्या डोक्याएवढं काहीतरी दिसलं. तिने देवाचं नाव घेतलं, काडीने उचलून ते वाढवलं, आणि पुरेसं झाल्यावर थेट फ्रीजरमध्ये ठेवलं. सही नाही की विचारणं नाही. मग तपासलं. घाण नव्हती. चूल चुलत जातीचीच होती, आणि पेटलेली.

तेव्हा कुठे ती सरांच्या दारात गेली.

"सर, घाण बघायला येताय?"