बर्ग्यांची भाषा

मिस्टरांची बँकेतली बदली कोलकात्याला झाली, तेव्हा मुलगी अंगणवाडीच्या वयाची होती. आता ती कॉलेजात जाते, बंगालीत भांडते, बंगालीतच हसते. मराठी घरापुरती, तीही अडखळत. आम्ही शहराच्या दक्षिणेला, बेहाला भागात राहतो. खालच्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका आहेत, त्यांना आम्ही मासीमा, म्हणजे मावशी, म्हणतो. मागच्या हिवाळ्यात त्या मला आणि मुलीला एक नाटक बघायला घेऊन गेल्या. उत्तर कोलकात्यातल्या एका जुन्या घराच्या अंगणात नट मेलेली माणसं होऊन येणार, आणि आपण त्यांना प्रश्न विचारायचे, असा तो प्रकार होता.

"पण विषय काय?" मी टॅक्सीत विचारलं.

मासीमा घुटमळल्या. "बर्गी."

बर्गी म्हणजे आपले मराठे स्वार. इंग्रजांचं राज्य यायच्या आधी नागपूरकडून ते बंगालमध्ये लुटीला येत. इथल्या आया अजूनही मुलांना अंगाईत त्यांची भीती घालून झोपवतात.

"इंग्रजांनी वाढवून लिहिलंय ते सगळं," मी ताडकन म्हणाले. मासीमांनी टॅक्सीचं भाडं दिलं आणि आम्हाला अंगणात नेलं.

आधी ईस्ट इंडिया कंपनीचा एक गोरा कारकून आला. म्हणाला, "बर्ग्यांपासून तुम्हाला वाचवायला आम्ही शहराभोवती खंदक खणवला."

"आणि खंदकाबाहेरच्यांचं काय?" कोणीतरी विचारलं.

"ते तेव्हा आमचे नव्हते. नंतर सगळेच आमचे झाले."

लोक कडवट हसले. मी जरा जास्तच मोठ्यानं हसले. खरा चोर सापडल्यासारखं मला हायसं वाटलं होतं.

मग एक विणकरीण आली. तिनं आवाज चढवला नाही. स्वार गावात शिरले तेव्हा ती तान्ह्या लेकीला घेऊन तळ्यात गळ्याइतक्या पाण्यात उभी राहिली. पोर रडू नये म्हणून तिच्या तोंडावर तळवा दाबून धरला. "ते गेल्यावर हात काढला," ती म्हणाली, "पण रडायला कोणी उरलं नव्हतं." मग आमच्याकडे वळून म्हणाली, "काठावर ते काहीतरी ओरडत होते. मला कळलं नाही. ती भाषा येते का इथे कुणाला?"

मी मुलीचं मनगट घट्ट धरलं. तिनं ते सोडवलं आणि उभी राहिली.

"आम्ही मराठी आहोत."

अंगणातल्या सगळ्या माना वळल्या. मी फरशीकडे बघत होते.

"मग बोल," बाई म्हणाली. "त्या भाषेत आणखी काय बोलतात, ऐकू दे."

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मी मान वर केली नाही. तेव्हा घरात रोज कानावर पडतं तेच तिच्या तोंडी आलं, "जेवलात का?" आणि तिनं त्याचा अर्थही सांगितला.

"नाही," बाई म्हणाली. "त्या दिवसापासून नाही."

बाहेर आल्यावर मी मुलीवर खेकसले, "सगळ्यांसमोर सांगायची काय गरज होती?"

"मग आपण कोण आहोत म्हणून सांगायचं, आई?"

शाळेत मी किल्ले आणि लढाया घडाघडा पाठ म्हणायचे. आपले स्वार इथवर आले होते, एवढंही पुस्तकात असेल बहुधा, एखाद्या ओळीत, विजय म्हणून. त्या ओळीत माणसं राहत असतील असं कधी मनात आलं नाही. लाज वाटली ती पूर्वजांची कमी, टॅक्सीतल्या माझ्या त्या वाक्याची जास्त. घरी पोचल्यावर मासीमांना तसं सांगून माफी मागितली. त्या म्हणाल्या, "माझी माफी कशाला? प्रश्न विचारायला गेलो होतो ना आपण? तू एकही विचारला नाहीस."

पुढच्या रविवारी मी एकटीच गेले. विणकरणीचं बोलणं संपल्यावर उभी राहिले. मी मराठी, हे आधी सांगितलं.

"तुमच्या लेकीचं नाव काय होतं?"

"ठेवायचं होतं अजून," ती म्हणाली.

मी खाली बसले.