डाव्या बरगडीत बसलेलं कोपर

१९ एप्रिल. गल्लीतल्या सुशीलामावशींची पाच किलो मिरची कांडायला घेतली होती. गडमुडशिंगीत माझं मिरची कांडपाचं मशीन आहे आणि हा चटणीचा सीझन. करणी, भूतबाधा, अंगात येणं... मला यातलं काही पटत नाही. या सदरातले अनुभवही मी बहुतेक हसायलाच वाचते. तरी लिहितेय.

आधी थोडं मागचं. माझे मालक, म्हणजे नवरा, टेम्पो चालवायचे. रात्री जोरात घोरायचे आणि मधेच एकदम गप्प — श्वासच बंद. मग मी त्यांच्या डाव्या बरगडीत कोपर मारायची. "जागा हाय, जागा हाय" म्हणत दम घ्यायचे आणि परत झोपायचे. चार वर्षांपूर्वी कुरुंदवाडहून येताना भर दुपारी, सरळ रस्त्यावर, टेम्पो झाडावर गेला आणि मालक जागीच गेले. चालवताना डोळा लागला होता. डॉक्टर नंतर म्हणाले, झोपेत असा श्वास थांबत राहिला की रात्रभर झोपूनही झोप होत नाही, माणूस दिवसा कुठंही पेंगतो. टेम्पोत कोपर मारायला मी शेजारी नव्हते.

तेव्हापासून एकटी. मुलगी पुण्याला असते. गेलं वर्षभर माझंही सकाळी डोकं जड, दुपारी डोळे मिटायचे. वय झालं, ऊन वाढलं, म्हणून सोडून दिलं. आपलं घोरणं आपल्याला ऐकू येत नाही. ते सांगायला घरात दुसरं माणूस लागतं.

त्या दुपारी स्टुलावर बसून मिरची उखळात सारत होते. लोखंडी मुसळं धाडधाड पडत होती... आणि डाव्या बरगडीत सणसणीत कोपर बसलं.

"जागी हाय!" मी ओरडले. डोळे उघडले तर माझा हात उखळात. झटक्यात मागं घेतला आणि मुसळ तिथंच आदळलं.

मशीन बंद केलं. बाहेरच्या बाकावरून सुशीलामावशी म्हणाल्या, "कुणावर वरडतीस गं मंगल? मशीनला कान हाईत व्हय?"

"मावशी, तुम्ही आत आला होता?"

"त्या ठसक्यात? मला काय मरायचंय?"

आत कुणीच नव्हतं. माझ्या डाव्या बाजूला नुसती मोकळी जागा. पडले नव्हते, कुठं धडकले नव्हते. स्वप्न म्हणावं, तर संध्याकाळी आंघोळीला गेले तेव्हा बरगडीवर काळानिळा डाग होता. तो कसा आला, मला आजही सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऐन सीझनात कांडपाला कुलूप लावलं आणि बसनं कोल्हापूरला झोपेच्या तपासणीवाल्या डॉक्टरांकडे गेले.

"घोरता का?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही. सांगायला घरात कोणी नाही."

"मग तपासून घ्या असं कुणी सांगितलं?"

"मालकांनी," म्हटलं, आणि तपासणीची तारीख घेऊन आले.