कवळीवर डाग नाहीत

पौडच्या माझ्या दातांच्या दवाखान्यात सतरा वर्षं काढल्यावर, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी मी एमडीएसला प्रवेश घेतला. विषय कृत्रिम दात. अवघड रुग्ण आला की चिठ्ठी लिहून पुण्याला पाठवायचा मला कंटाळा आला होता, एवढंच कारण. दवाखाना रविवारपुरता ठेवला, भूगावच्या घरात स्वयंपाकाला बाई लावली आणि नवी वही घेतली.

बॅचमध्ये माझ्याशिवाय पाच जण, सगळे पंचविशीच्या आसपासचे. पहिल्या आठवड्यात त्यांनी मला मॅडम म्हटलं, दुसऱ्या आठवड्यात ताई, आणि माझी वही पाहिल्यावर हेडमास्तर. आमचे गाइड माझ्याहून सहा वर्षांनी लहान. मी त्यांना सर म्हणायचे आणि तेही मला अहोजाहो करायचे. त्यामुळे मला ओरडताना त्यांची फार पंचाईत व्हायची.

तीन वर्षांच्या शेवटी प्रॅक्टिकल परीक्षा असते. तिच्यातला महत्त्वाचा भाग म्हणजे परीक्षकांसमोर एका रुग्णाची पूर्ण कवळी करून दाखवणं. हा रुग्ण ज्याचा त्याने आणायचा. तीन दिवस त्याला घरून आणायचं, वेळेवर खायला घालायचं, खुर्चीत बसवायचं आणि परत सोडायचं. एक दिवस जरी तो आला नाही तर तीन वर्षं पाण्यात. म्हणून परीक्षेआधी सहा महिने आमचे लोक लग्नाच्या पंगतीतसुद्धा म्हाताऱ्यांच्या तोंडाकडे बघत फिरतात. चांगल्या हिरडीची, बिनदाताची म्हातारी सापडली की ती चांगल्या स्थळासारखी लपवून ठेवायची.

माझ्या वहीत तीन नावं होती. तिसरे भूगावचे निवृत्त मास्तर. त्यांना प्रत्येक गोष्टीवर मत होतं, म्हणून ते शेवटी. दुसरा लवासात एका अर्धवट इमारतीवर राखणीला असलेला माणूस. त्याचा फोन लागला तर लागायचा. आणि पहिल्या, खूण करून ठेवलेल्या, लवळ्याच्या आजी.

आजींची कवळी सात वर्षांपूर्वी मीच केली होती. त्यांच्या घराच्या मागे खोल्या काढून सुनेनं विद्यार्थ्यांना भाड्यानं दिल्या होत्या. आजी पुढच्या ओट्यावर बसून कोण किती वाजता आलं यावर लक्ष ठेवत. दर सहा महिन्यांनी त्या पौडला तपासणीला यायच्या. मी विचारायचे, "बरं आहे ना आजी?" त्या म्हणायच्या, "लई झ्याक, डाक्टरीनबाई." कवळी काढून हातात द्यायच्या. ती लखलखीत असायची. मी नोंद करायचे: कवळीवर डाग नाहीत, स्वच्छता उत्तम. इतर रुग्णांना मी त्यांचं उदाहरण द्यायचे.

परीक्षेच्या पहिल्या दिवशी आठ वाजता आजींना गाडीत घेतलं. वहीतल्या यादीप्रमाणे पाण्याची बाटली, मऊ उपमा, बीपीची गोळी, आधारकार्ड. सून म्हणाली, "आज मिश्री न्हाई लावू दिली त्यांना. सकाळपासनं रुसल्यात."

"न्हाई तर काय," आजी म्हणाल्या. "दात न्हाईत म्हून काय हिरड्यांनी उपाशी ऱ्हायाचं?"

बाहेरून आलेले परीक्षक साठीच्या पुढचे, सावकाश बोलणारे. त्यांनी माझा केसपेपर वाचला. 'जुनी कवळी: सात वर्षं नियमित वापर, समाधानकारक' या ओळीवर पेन टेकवून त्यांनी आजींना कवळी काढायला सांगितली आणि ती उजेडात धरली.

"आजी, मिश्री लावता का?"

"व्हय. दोन टायमाला. सुनंनं आज लावू दिली न्हाई."

"किती वर्षं?"

"लगीन झाल्यापास्नं."

"मग या दातांवर एक तपकिरी ठिपका कसा नाही?"

मला तेव्हाच कळायला हवं होतं. मुळात सात वर्षांपूर्वीच कळायला हवं होतं. दिवसातून दोनदा मिश्री लावणाऱ्या बाईची कवळी महिन्याभरात काळपट होते. हे मी कॉलेजात बीडीएसच्या तिसऱ्या वर्षाच्या पोरांना शिकवत होते.

आजी पदर सारखा करू लागल्या. परीक्षकांनी पुन्हा विचारलं, "रोज घालता?"

"घालते की." मग माझ्याकडे बघून, जरा हळू, "डाक्टरीनबाईकडं यायचं आसलं म्हंजे घालते. आन लग्नात, फोटूला."

मागे उभ्या असलेल्या आमच्या सरांनी खिडकीकडे तोंड फिरवलं.

परीक्षकांनी कवळी परत तोंडात बसवायला लावली. "आता साठपासून पुढे मोजा बरं." हे आमच्यात नेहमीचं. साठ, एकसष्ट, बासष्ट म्हणताना वरचे-खालचे दात अगदी जवळ येतात, पण टेकायला नकोत. टेकले तर कवळी उंच झाली आहे.

आजी शाळेत गेलेल्या नव्हत्या. त्यांच्या घरी अंडी, नारळ, पेंढ्या सगळं विसांच्या हिशेबात मोजलं जायचं. त्यांनी तसंच सुरू केलं. "तीन इसा. तीन इसा वर येक. तीन इसा वर दोन." प्रत्येक इसाला टक् असा आवाज आला. बश्या एकमेकींवर ठेवाव्यात तसा. सातापर्यंत आल्यावर परीक्षक म्हणाले, "पुरे, आजी."

"वर आनखी हायेत," आजी म्हणाल्या.

"ही कवळी कुणी केली?"

केसपेपरवर ते लिहायची पद्धत नाही, आणि मीही लिहिलं नव्हतं. मी तोंड उघडायच्या आत आजी म्हणाल्या, "पुन्यात केलीती, सायेब. कुनीतरी पोरगा हुता. ह्या बाईंचं न्हाई काम. ह्यांचं काम लई झ्याक आसतं."

आजींनी मला पुरती वाट करून दिली होती. मी फक्त गप्प बसायचं होतं. परीक्षेचे तीन दिवस, तीन वर्षं आणि दवाखान्यावरची नवी पाटी, सगळं त्या गप्प बसण्यात होतं. पण पुढचा प्रश्न मला दिसत होता: ही कवळी का वापरली गेली नाही? त्याचं उत्तर दुसऱ्याची चूक म्हणून दिलं असतं तर माझी ती चूक दुसऱ्याच्या खात्यावर गेली असती, आणि नवी कवळी करताना मी तीच पुन्हा केली असती.

"सर, कवळी मी केली आहे," मी म्हणाले. "आणि केसपेपरवरची ती ओळ चूक आहे."

आजींनी कपाळाला हात लावला.

परीक्षकांच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. "मग दोष कुठे आहे ते मोजून दाखवा."

मी आजींच्या नाकाच्या शेंड्यावर आणि हनुवटीवर पेनाने ठिपके दिले. ओठ मिटून निवांत बसल्यावरचं अंतर आणि दात टेकवल्यावरचं अंतर, यांत दोन-तीन मिलिमीटरचा फरक हवा. इथे काहीच नव्हता. जबड्याला विसावा म्हणून नव्हताच. कारणही आठवलं, तेही सांगितलं. उंची वाढवली की गाल भरून येतात, म्हातारं माणूस दहा वर्षांनी तरुण दिसतं, नातेवाईक खूश होतात. मला तेव्हा नातेवाईक खूश करायची सवय होती. बोलायला लावून मी तपासलंच नव्हतं.

"बरं," परीक्षक म्हणाले. "आता माप घ्या."

तिन्ही दिवस आजी आल्या. तिसऱ्या दिवशी, पक्की कवळी करण्याआधी चाचणीसाठी मेणात लावलेल्या दातांनी पुन्हा तीन इसांपासून मोजून झालं. आवाज आला नाही. आजी म्हणाल्या, "ह्ये मुकं झालं काय?"

परत जाताना मी गाडीत विचारलं, "सात वर्षं सांगितलं का नाहीत?"

"तुमी आवडीनं केली. दुखतं कसं म्हनायचं? आन तुमी तरी काय, 'बरं हाय ना' आसं इचारता. पावन्यानं भाजी खारट हाय म्हनायचं का?"

मी पास झाले. गुण पहिल्या तिघांत नव्हते. वहीत त्या दिवसाखाली फक्त एवढंच लिहिलं आहे: विचारायची पद्धत बदलणे.

रविवारी दवाखान्यात जुनं रजिस्टर काढून मी कवळी केलेल्या प्रत्येकाला फोन लावायला घेतले. बरं आहे ना, हे विचारायचं नाही. एकच प्रश्न: आत्ता या क्षणी कवळी कुठे आहे? एकाची देव्हाऱ्याखालच्या डब्यात होती. एकीची कपाटात, साडीच्या घडीत. भूगावच्या मास्तरांची तोंडात होती. त्यांनी वीस मिनिटं त्याबद्दलचं मत सांगितलं.

नवी कवळी बसवून महिना झाल्यावर लवळ्याला मी फोन न करता गेले, मुद्दाम साडेबाराला. आजी ओट्यावर भाकरी खात होत्या. मला बघून त्यांनी घाईने तोंडावर पदर घेतला.

"काढा आजी. बघू द्या."

त्यांनी नवी कवळी काढली, पण हात पुढे करेनात. शेवटी दिली. समोरच्या खालच्या दातांच्या मुळाशी तपकिरी पट्टा बसला होता. कडेला भाकरीचे कण.

"घासते वो मी," आजी म्हणाल्या. "रागावू नगा."

मी रागावले नाही. ब्रश कसा धरायचा ते दाखवलं आणि ओट्यावर बसूनच नोंद केली: खालच्या दातांवर मिश्रीचे डाग. स्वच्छता बेताची.